वीस दिवसांचं पांघरूण

गावात कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, दिसायला लागल्या की माझी उजवी मांडी खाजते. नातसून म्हणते, आजी, थंडीनं कातडी कोरडी पडते, तेल लावत जा. लावते बापा तेल. पण ती खाज कशाची ते मला माहीत आहे. मांडीच्या बाहेरच्या अंगाला वीतभर लांब आणि चार बोटं रुंद असा एक पट्टा आहे, बाकीच्या अंगाहून फिका, गुळगुळीत. तिथली कातडी मी तरुणपणी काढून दिली होती, माझ्या ननंदेला.

ननंद जाऊन आता चार दिवाळ्या झाल्या. ती होती तोवर हे लिहून ठेवायची गरजच नव्हती. दर दिवाळीला ती माहेरी यायची आणि या गोष्टीतला एक तुकडा माझ्या तोंडून वदवून घ्यायची. सगळी गोष्ट तिला नको असे, तेवढा तुकडाच हवा असे. आता विचारणारं कोणी राहिलं नाही, म्हणून कागदाला सांगते. मी शाळेची पायरी चढलेली नाही, तेव्हा अक्षर वाकडं वाटलं तर सांभाळून घ्या. ही अक्षरंसुद्धा तिनंच शिकवलेली आहेत.

माझं लग्न झालं तेव्हा आपला जिल्हा नुकताच मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. मामंजी, म्हणजे माझे सासरे, म्हणत, "पहा, ओसरीवर बसल्या बसल्या आपन मुंबईवाले झालो!" माझं सासर आर्णीपासून दोन कोसांवर, आणि माहेर पार तिकडं उमरखेडच्या पुढं, पैनगंगेच्या काठी. एवढ्या लांबची सोयरीक कशी जमली, तर साटंलोटं. मी इकडं यायचं आणि पोर मोठी झाली की या घरची लेक माझ्या भावाला द्यायची, असा दोन्हीकडून शब्द झाला होता. माझे वडील नव्हते. वडलांचे थोरले भाऊ, आमचे मोठे बाबा, त्यांनीच तो शब्द दिला होता.

वरात दारात आली आणि ननंदेनं दार अडवलं. रिवाजच आहे तो. नव्या नवरीनं माप ओलांडायच्या आधी नवऱ्याची बहीण दारात आडवी होते नि म्हणते, तुझी पहिली लेक माझ्या लेकाला देशील तर आत सोडते. ही तेरा वर्षांची, परकर-पोलक्यातली, दोन्ही हातांनी चौकट धरून उभी. बायांनी शिकवून ठेवलेलं वाक्य विसरली की काय कोण जाणे, म्हणाली, "मले लेक-बीक नको. तुह्या गावची नदी दाखवशीन त आत सोडीन."

बाया खो-खो हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "अवं येडे, तुले त तिथंच द्याचं हाये! जनमभर त्याच नदीचं पानी भरजो!"

पोर लाजली आणि चौकट सोडून जी पळाली ती कापसाच्या कोठ्यात जाऊन लपली. दार आपोआप मोकळं झालं. मी माप ओलांडलं ते हसत हसतच.

मी तिला 'बाई' म्हणायची. वयानं चार वर्षांनी लहान, पण ननंदेचा मान. ती मला 'वैनी'. तीन वर्षांत आमचं असं काही जुळलं की सासू म्हणे, "माही पोरगी हाये का तुही बहीन, समजूनच नाही राह्यलं." माझा भाऊ वर्षातून एकदा, संक्रांतीच्या आसपास, दमणी, म्हणजे छोटी बैलगाडी, जुंपून यायचा. सोबत ऊस आणायचा, हळकुंडं आणायचा. तो ओसरीवर बसायचा आणि ही दाराआड. दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही, मधे मी.

"वैनी, इचार ना, नदीले पानी किती हाये?"

भाऊ भिंतीकडं पाहून म्हणे, "सांग तिले, पावसाळ्यात गळ्याइतकं."

"इचार ना, कोनाच्या गळ्याइतकं? त्याच्या का माह्या?"

"सांग तिले, तिच्या. मी उंच हावो."

मग दाराआडून हसण्याचा आवाज. मी म्हणायची, "मले मधी कायले ठेवता बावा, माही जीभ दुखून राह्यली." पण खरं सांगू, मला तो खेळ फार आवडायचा. आपला भाऊ, आपली ननंद, दोघं आपल्याच हातून एकमेकांकडं सरकत आहेत. वैशाखात दोघांचं लग्न करायचं ठरलं होतं.

त्या साली कापूस उदंड आला. कोठा भरला, मग ओसरीत रचला, मधून माणूस जाईल एवढी वाट ठेवली. तेव्हा काडेपेटी जपून वापरत. सकाळी चूल पेटवायची तर शेजारून गोवरीवर इस्तो, म्हणजे जळता निखारा, मागून आणायचा. एरवी मागच्या दारानं आणायचो, वळसा पडला तरी. त्या सकाळी मी भाकरीचं पीठ मळून बसले होते, हात भरलेले. मी म्हटलं, "जा व उमरखेडच्या नवरीबाई, इस्तो घेऊन या. आन समोरूनच ये, लवकर येशीन."

समोरूनच ये असं मीच म्हटलं होतं, दुसऱ्या कोणी नाही.

ती गोवरी घेऊन त्या वाटेनं आली नि वाऱ्याची एक झुळूक आली. कापसावरून आग कशी धावते ते ज्यानं पाहिलं त्यालाच ठाऊक. आवाज नाही, काही नाही, वरच्या वर सर्रकन पांढऱ्याचं पिवळं होत जातं. तिचा परकर पेटला. सासूनं घोंगडी टाकून तिला दाबून धरलं. गडी कापूस ओढत राहिले. तोंडाला काही लागलं नाही, हातही वाचले. पण उजवा पाय कमरेपासून घोट्यापर्यंत गेला.

दमणीतून आर्णी, आर्णीहून मोटारीनं यवतमाळचा दवाखाना. पंधरा दिवस झाले तरी जखम भरेना. अंगातलं पाणी पाझरून ती नुसती कागदासारखी पांढरी पडली. मग डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. ते म्हणाले, हिची स्वतःची कातडी काढून लावावी इतकी ताकद हिच्यात नाही. घरच्या कोणाची थोडी कातडी काढून जखमेवर ठेवली तर पोर वाचेल.

सासू लगेच म्हणाली, "माही घ्या." डॉक्टरांनी तिचा हात पाहिला, तो वाळलेल्या शेंगेसारखा. माझे मालक पुढं झाले खरे, पण सुईची पेटी उघडली तशी त्यांना घेरी आली आणि त्यांनाच बाकावर निजवावं लागलं. परिचारिका म्हणाली, "पाटील, तुम्ही बाहेर वारा घ्या." मी म्हटलं, "माही घ्या. माही कातडी जाड हाये."

सगळ्यांना वाटलं, काय थोर सून! मला मात्र 'समोरूनच ये' एवढं एकच ऐकू येत होतं.

आत मी आणि डॉक्टर होतो, आणि एक परिचारिका. डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं, आणि मला ते समजलं, हे मी आज कबूल करते. ते म्हणाले, "बाई, परक्याची कातडी अंगाला कायमची धरत नाही. हे वीस-पंचवीस दिवसांचं पांघरूण आहे. तेवढ्यात हिच्या अंगात ताकद येईल, मग तुमची कातडी गळून पडेल आणि हिचीच कातडी आपण हिला लावू. समजलं?" मी म्हटलं, "समजलं." बाहेर येऊन हे कोणाला सांगायचं सुचलंच नाही. आधी पोर जगू दे, एवढंच मनात.

देणाऱ्याला काय होतं ते कोणी विचारत नाही, म्हणून सांगते. कापताना गुंगीत काही कळलं नाही. शुद्धीवर आले आणि वाटलं, मांडी तिखटाच्या उखळात ठेवून कोणी कांडतं आहे. जळालेलीपेक्षा माझाच आवाज मोठा. तिची खाट माझ्या शेजारीच होती. येणारा जाणारा तिच्या खाटेशी बसे, तिचं डोकं कुरवाळी, आणि उठताना मला म्हणे, "तुले काय झालं व? पाय मुरगळला का?" मला हसू येई आणि हसलं की मांडी ओढली जाई.

माझी कातडी चौकोनी तुकडे करून लावली होती, पोस्टाच्या तिकिटाएवढे. मी काळीसावळी, ती गव्हाळ. पट्टी सोडली की तिच्या पायावर माझे सावळे चौकोन दिसत, मधे लाल जागा. तिनं मान उचलून पाहिलं नि पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसली. "वैनी, मी त वाकळ झाली!"

"झाकून घे," मी म्हटलं, "नाहीतर कोनी अंगावर घेऊन निजन."

दिवसागणिक तिच्या गालावर रंग येऊ लागला. ती चौथीपर्यंत शिकलेली होती. दुपारी दोन खाटांच्या मधे हात लोंबता ठेवून ती माझ्या तळहातावर बोटानं अक्षरं काढायची. पहिला शब्द 'नदी'. मी म्हणायची, "गुदगुल्या होतात." ती म्हणायची, "शिक, नाहीतर मी तिकडं गेल्यावर माहं पत्र कोनाकडून वाचून घेशीन?" तिकडं म्हणजे माझ्या माहेरी. तिच्या मनात वैशाख तसाच होता.

मग मोठे बाबा पाहायला आले. त्यांच्या समोरच परिचारिकेनं पट्टी सोडली. ते कितीतरी वेळ त्या सावळ्या चौकोनांकडं पाहत राहिले. बाहेर आले, पायरीवर बसले, तंबाखू मळायची विसरले. मग मामंजींना म्हणाले, "पाटील, पोरगी वाचली, देवाची किरपा. पन आता ही सोयरीक होत नाई."

मामंजी चमकले. "काहून? पायाचं म्हनता काय?"

"पायाचं नाई. तिच्या आंगावर आमच्या घरची कातडी हाये. ते आता आमच्या पोराची बहीन झाली. देवक एक झालं."

सासू पदर सावरून म्हणाली, "असं कसं म्हनता भाऊ? तुमची लेक आमच्या घरात आली, तिले आमची हळद लागली, तवाच तिचं देवक बदललं."

मोठे बाबा म्हणाले, "हळद लागली की कूळ बदलते बाई. कातडी बदलते काय? ते त माय-बापानं दिलेली. अवो, एका माईचं दूध पेलेले दोन लेकरं असले त त्यांचं लगन लावते काय कोनी? हे त दुधाहून जवळचं."

मोठे बाबा काही लबाड माणूस नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आता कधी कधी मनात येतं, भाजलेली सून नको म्हणून तर त्यांनी देवक काढलं नसेल? नाही, तसं नव्हतं असंच मला वाटतं. त्यांना खरोखरच ती बहीण दिसली. आणि मामंजींना राग आला तरी भांडता येईना. ज्या घरच्या लेकीनं कातडी दिली, त्या घराशी कोणत्या तोंडानं भांडावं?

ननंदेला हे कोणी सांगितलं नाही. पण खाटेवरच्या माणसाचे कान लांब असतात. त्या दुपारी तिनं तळहातावर अक्षर काढलं नाही.

मला तेव्हा आतून धीर होता. म्हटलं, कातडी राहणारच नाही. गळून पडली की मीच सांगेन, घ्या, गेली तुमची कातडी, आता लावा लग्न. मी दिवस मोजत होते.

आणि विसाव्या की एकविसाव्या दिवशी ती पडली. परिचारिकेनं पट्टी उचलली तसे माझे चौकोन कापडासोबतच सुटून आले. काठाला काळे, मधे फिके, वाळल्या कांद्याच्या पापुद्र्यासारखे. तिनं ते तामचिनीच्या वाटीत टाकले. ननंद भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी वाटीत पाहिलं आणि मला काय झालं सांगू, मी ओक्साबोक्शी रडले. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, मी त्या दिवसाची वाटच पाहत होते, आणि तरी. वाटलं, माझ्या अंगाला तिच्या अंगानं नको म्हटलं.

परिचारिका म्हणाली, "अहो, रडता कशाला? हे होणारच होतं. खालचं मांस बघा किती छान लाल झालंय. तुमच्या कातडीनं आपलं काम केलं."

दुसऱ्याच दिवशी सकाळी माझी आई आली. उमरखेडहून दोन मोटारी बदलून. सोबत हिरवं लुगडं, चोळीचा खण, नारळ, तांदूळ. थेट ननंदेच्या खाटेशी गेली आणि तिची ओटी भरली. म्हणाली, "मी सून कराले निघाली होती, देवानं लेक देल्ली. आजपासून तू माही लेक. वरसातून दोन खेपा माहेरपनाले येजो." मग माझ्याकडं वळली. माझं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाली, "पोरी, तू माह्या दुधाचं सोनं केलं."

सगळ्या खाटांवरच्या बाया पाहत होत्या. एक म्हातारी हात जोडून म्हणाली, "अशी भावजय पाह्यली नाई बापा." अख्ख्या जन्मात माझ्याकडं असं कोणी पाहिलं नव्हतं. मी चार भावंडांतली मधली, शेण काढणारी, भाकरी थापणारी. आणि त्या क्षणी म्हणायचं होतं, "माय, ते कातडी कालच पडली."

मी बोलले नाही.

ननंद ओटीतले तांदूळ मुठीत घेऊन आढ्याकडं पाहत होती. मला वाटलं, तिला काय माहीत? ती तर भिंतीकडं तोंड करून होती. म्हटलं, उद्या सांगू. आईला घरी पोहोचू दे, मग निरोप धाडू.

आठ दिवसांनी डॉक्टरांनी तिच्याच डाव्या मांडीची कातडी काढून लावली. दवाखान्यातलं जे घरी कळे ते माझ्याच तोंडून. मी सांगितलं, "थोडी डागडुजी केली." लोकांना वाटलं तसं वाटू दिलं.

मग भाऊ आला, ऊस घेऊन. आत आला नाही. दवाखान्याच्या अंगणात कडुनिंब होता, त्याखाली उभा राहिला. मी लंगडत गेले. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती आणि ती गोल गोल फिरवत होता. म्हणाला, "खरं सांग. सगळी राह्यली काय तुही कातडी तिच्या आंगावर? थोडीही पडली असन त सांग. मी बोलतो मोठ्या बाबासंग."

या वेळी भिंत नव्हती, दार नव्हतं, तो सरळ माझ्या डोळ्यांत पाहत होता.

मी काय म्हणाले असेन? मला वाटलं, आता सांगितलं तर लोक म्हणतील, पंधरा दिवस लपवून लुगडी-चोळ्यांचा मान घेत बसली. आईला काय वाटेल? ती गावभर सांगून बसली असेल. आणि माझी कातडी टाकून देण्याजोगी निघाली, हे मला माझ्या भावासमोर म्हणवेना. हे कारण सगळ्यांत खालचं, पण खरं तेच.

मी म्हटलं, "हाये ना. सगळी हाये."

त्यानं टोपी डोक्यावर घातली. ऊस माझ्या हातात दिला. "सांग तिले," म्हणाला, आणि पुढं काहीच बोलला नाही. मोटारीच्या अड्ड्याकडं निघून गेला.

मी आत आले. ननंद म्हणाली, "कोन आलतं?"

"ऊस धाडला," मी म्हटलं.

होळीच्या सुमाराला आम्ही घरी आलो. ती जरा पाय ओढत चालायची, एवढंच. मला वाटे आज सांगू, उद्या सांगू. पाडवा गेला. मग माहेराहून अक्षत आली. भावाचं लग्न ठरलं होतं, नदीपलीकडच्या गावची पोर. निरोपात खास सांगितलं होतं, आमच्या नव्या लेकीला करवली म्हणून घेऊन या.

सासू म्हणाली, "नाई नेत मी तिले. काळीज हाये का दगड?" पण ननंद स्वतःच म्हणाली, "मी जाते. वैनीनं मले नदी दाखवाचा शब्द देल्ला हाये."

मग ती माझ्या आईनं दिलेलं ते हिरवं लुगडं नेसली, हातात करा घेतला, आणि वरात माझ्या माहेरच्या दारात आली तेव्हा रिवाजाप्रमाणं दारात आडवी झाली. ज्या घरात तिनं माप ओलांडून यायचं होतं, त्या घराची चौकट तिनं आतून धरली. मी मागं ओवाळणीचं ताट घेऊन उभी.

या वेळी तिला वाक्य बरोबर आठवलं. हसत म्हणाली, "तुही पयली लेक माह्या लेकाले देशीन, त आत सोडीन."

नवी नवरी खाली पाहून 'हो' म्हणाली. बाया हसल्या. भावानं मान वर केलीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला नदीवर नेलं. वैशाखातली पैनगंगा. सगळी वाळूच वाळू, मधे एक हिरवट डोह, त्यात म्हशी बसलेल्या. ती काठावर उभी राहून पाहत राहिली. "हेच काय?"

"पावसाळ्यात गळ्याइतकं असते," मी म्हटलं. मी वाळूत बसले. म्हटलं, "बाई, माही कातडी तुह्या आंगावर राह्यली नाई. ते एकविसाव्या दिवशीच पडली. मी लपवलं."

ती माझ्याकडं न पाहता वाळू उकरू लागली. आमच्याकडं उन्हाळ्यात असा झिरा खणून पाणी काढतात. म्हणाली, "मले ठावं हाये."

"तू त भिंतीकडं तोंड करून होती!"

"अवं, माह्या आंगावरून पडली, मले नाई समजनार?"

"मंग बोलली काहून नाई?"

"मी कशी बोलू? पोरीच्या जातीनं आपल्याच लगनाचं बोलावं काय? मी तुही वाट पाह्यली वैनी. तू पानी प्याले उठली तरी वाटे, आता सांगाले चालली."

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती नुसतं सांगत होती, काल जेवायला काय होतं ते सांगावं तसं. मग मला वाटलं, निघालंच आहे तर सगळं निघू दे. म्हटलं, "अजून एक हाये. तो आलता ना ऊस घेऊन, तवा त्यानं मले इचारलं होतं. सरळ. मी खोटं बोलली."

तिचे हात थांबले. "कोनं इचारलं?"

"त्यानं. माह्या भावानं."

"त्यानं इचारलं होतं?"

"हो."

"काय इचारलं? कसं म्हनला तो? जसंच्या तसं सांग."

मी मार खायला तयार होऊन बसले होते. ती माझ्याजवळ सरकली, वाळूचे ओले हात माझ्या गुडघ्यावर ठेवले आणि माझ्या तोंडाकडं पाहू लागली. मी सांगितलं. कडुनिंबाखाली उभा होता, टोपी हातात घेऊन फिरवत होता, म्हणाला, खरं सांग, सगळी राह्यली काय, थोडीही पडली असन त सांग, मी बोलतो मोठ्या बाबासंग.

"मी बोलतो, असं म्हनला?"

"असंच म्हनला."

"अजून एकडाव सांग."

मी पुन्हा सांगितलं. तोवर झिऱ्यात पाणी आलं होतं. तिनं ओंजळीत घेतलं, गढूळ होतं, ते सांडू दिलं, दुसरं घेतलं आणि प्यायली. मग उठून लुगडं झटकलं. "चाल. करवलीबिगर नवरी जेवनार नाई."

पुढं दोन वर्षांनी, महाराष्ट्र झाल्यावर, तिला जवळच्याच गावी बिजवराला दिलं. माणूस चांगला होता. तिला मुलं झाली. माझ्या भावाला ती शेवटपर्यंत भाऊबीजेला ओवाळत आली, आईनं लेक म्हटलं होतं ना. दोघं एकमेकांशी मोकळं बोलत, पाऊसपाण्याचं, कापसाच्या पऱ्हाटीचं. त्या विषयाचं कधीच नाही. पण दर दिवाळीला ती आमच्याकडं आली, फराळ झाला, पोरं बाहेर फटाक्यांना गेली, की माझ्याजवळ सरकून बसायची आणि म्हणायची, "सांग ना वैनी, कसं म्हनला तो?" मी सांगायची. मान खाली घालून ऐकायची, जशी दाराआडून ऐकत असे तशी. पन्नास-साठ वेळा सांगितलं असेल. मला एकदाही वाटलं नाही की ती मला टोचते आहे. आणि माझी सुटका झाली असंही कधी वाटलं नाही.

शेवटच्या वेळी मीच तिच्याकडं गेले. ती खाटेवर होती, डोळे मिटलेले, हात हातात घेतला तर नुसत्या काड्या. मला वाटलं, आता ओळखणार नाही. पण ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"सांग ना."

मी सांगितलं. कडुनिंब होता, ऊस होता, म्हणाला, खरं सांग, थोडीही पडली असन त सांग, मी बोलतो मोठ्या बाबासंग. घाईत काहीतरी सुटलं.

डोळे न उघडता ती म्हणाली, "टोपी हातात होती ना?"

"होती बाई," मी म्हटलं. "हातातच होती."